नव्वदाव्या दिवसाचा आवाज

छोट्याचं वय एकेचाळीस होतं आणि डोक्यावरचे केस मोजायला घेतले तर चहा निवायच्या आत मोजून झाले असते, पण ताईच्या लेखी तो अजून छोट्याच होता. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. खाली रस्त्याला लागून दुरुस्तीचं दुकान, दुकानामागे एक खोली, वर राहायच्या दोन. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, शिलाई मशीनच्या मोटारी, घरात जे जे बिघडतं ते सगळं छोट्या दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त करता करता त्याचे व्हिडिओ निघायचे. चॅनलचं नाव 'उघडून बघू'. लाखभर माणसं ते बघायची आणि त्याला मिस्त्रीदादा म्हणायची. मिस्त्रीदादा बोलताना अडखळतो हे त्या लाखभरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

हे श्रेय ताईचं. पूर्वी ती एका स्टुडिओत समारंभांचे व्हिडिओ जोडायची. वीस वर्षं तिने पाहुण्यांच्या जांभया आणि वक्त्यांचे खाकरे कापले होते, तेव्हा सख्ख्या भावाचं अडखळणं कापायला तिला काय जड जाणार. छोट्याचा 'प' अडायचा, 'क' अडायचा आणि 'म' तर असा अडायचा की समोरचा घड्याळ बघायला लागायचा. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी तो चाळीस मिनिटं बोलायचा. मागच्या खोलीत बसून ताई उरलेली तीस मिनिटं काढून टाकायची. कॅमेरा बहुतेक वेळ टेबलावर आणि त्याच्या हातांवर असायचा, त्यामुळे तोंडाचा प्रश्न फारसा यायचा नाही.

कापून भागलं नाही तर ती डबा उघडायची. डबा म्हणजे तिच्या संगणकातलं एक फोल्डर. सहा वर्षांत छोट्याने जो जो शब्द एकदा तरी सरळ उच्चारला होता, तो तो तिने वेगळा काढून, नाव देऊन तिथे ठेवला होता. पंखा अकरा प्रकारचा होता. खुशीतला पंखा, कंटाळलेला पंखा, प्रश्नातला पंखा, सर्दी झालेला पंखा. पकड चार प्रकारची. 'मी' मात्र एकच होता, आणि तो ती सोन्यासारखा जपून वापरायची.

दुकानात अशी काही भानगड नव्हती. गल्लीला छोट्याची सवय होती. इस्त्री घेऊन आलेली बाई त्याचं वाक्य संपेपर्यंत हातातली पिशवी खाली ठेवून उभी राहायची, आणि वाक्य संपलं की आपलं सुरू करायची. छोट्या मुळात बडबड्या. अडखळतो म्हणून गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता. एखादी मोटर का जळली हे सांगायला इतरांना एक मिनिट लागत असेल तर तो सहा मिनिटं घ्यायचा आणि वर गिऱ्हाइकाच्या सासूची तब्येतही विचारायचा.

जाहिरातींच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. जे आपल्या स्क्रूड्रायव्हरने उघडून बघितलं नाही, त्याचं कौतुक करायचं नाही. कंपन्या वस्तू पाठवायच्या, तो त्या कॅमेऱ्यासमोर उघडायचा, आणि आत स्वस्तातली तार किंवा कागदाच्या जाडीचा पत्रा निघाला की तेही दाखवायचा. त्यामुळे जाहिरातवाले त्यांच्या वाटेला फारसे जात नसत. ताईला याचा अभिमानही होता आणि कधीकधी वैतागही यायचा.

अशात एक मॅडम स्क्रूड्रायव्हरचा संच घेऊन आल्या. व्हिडिओ करणारे आणि कंपन्या यांची गाठ घालून द्यायची हे त्यांचं काम. छोट्याने संचातला सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर लाकडी ठोकळ्यात अडकवून पिळला, तो वाकला, आणि आपण याची शिफारस का करू शकत नाही हे छोट्या त्यांना समजावून सांगायला लागला. मॅडम स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांनी चॅनलचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. पहिल्या 'प' ला त्यांना वाटलं ठसका लागला. तिसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं. छोट्याचं संपल्यावर त्या त्याच्याकडे नाही, ताईकडे वळल्या.

"ताई, हे सगळं तुम्ही करता?"

वीस वर्षं स्टुडिओत आणि सहा वर्षं या खोलीत, हा प्रश्न ताईला कोणी विचारला नव्हता. नीट कापलेलं काम कोणाला दिसतच नाही, मग विचारणार कोण. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने मॅडमना मागच्या खोलीत नेलं, डबा उघडून दाखवला, अकराही पंखे ऐकवले. मॅडम म्हणाल्या की मोठ्या मोठ्या ठिकाणीसुद्धा असा हात त्यांनी पाहिला नाही. पुढे जे झालं त्याचा दोष कोणाला द्यायचा असेल तर मी या दहा मिनिटांना देईन.

आठवड्याने मॅडम दुसऱ्याच कंपनीचा प्रस्ताव घेऊन आल्या. बोलताना अडखळणाऱ्यांसाठी एक ॲप होतं. रोज तासभर सराव, नव्वद दिवसांचा क्रम. छोट्याने तीन व्हिडिओ करायचे. पहिल्यात आपला खरा आवाज लोकांपुढे आणायचा, पंचेचाळिसाव्या दिवशी मधली हकिकत, आणि नव्वदाव्या दिवशी झालेली सुधारणा.

"अ-ॲपला स्क्रू क-क-कुठे असतात?" छोट्या म्हणाला. "उ-उघडून काय ब-बघणार?"

"यात उघडायचं ते तुम्हालाच, दादा," मॅडम हसून म्हणाल्या. "स्वतः वापरून बघा. याहून प्रामाणिक जाहिरात कुठली असते?"

ताईने करार दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की तिन्ही व्हिडिओ ठरल्या तारखांना द्यायचे, आणि त्यानंतर वर्षभर व्हिडिओत म्हटलं त्याच्या उलट काही कुठेही, कोणापुढेही बोलायचं नाही. बोललं तर घेतलेलं सगळं परत आणि वर दंड. तिने विचारलं, "आणि सुधारणा नाही झाली तर?"

"होते हो. लोक मधेच सोडतात, म्हणून होत नाही. दादा सोडणाऱ्यातले वाटतात का तुम्हाला?"

छोट्या सोडणाऱ्यातला नव्हताच. त्याने सही केली ती पैशासाठी नाही, हे मी इथेच सांगून टाकते. त्याला खरंच वाटलं होतं की नव्वद दिवसांनी आपण सरळ बोलू.

पहिला व्हिडिओ चौदा मिनिटांचा निघाला. ताईने त्यात काही कापायचं नव्हतं, आणि न कापणं तिला किती जड गेलं ते तिचं तिलाच माहीत. दर अडखळण्याला तिचं बोट आपोआप माउसवर जायचं. शेवटी ती हात मांडीखाली घेऊन बसली. व्हिडिओत छोट्या सरळ कॅमेऱ्यात बघून सांगत होता की गेली सहा वर्षं तुम्ही ऐकता तो आवाज माझा आहे पण पूर्ण माझा नाही, माझी बहीण तो स्वच्छ करते, आणि आज प्रथमच तुम्ही मला जसाच्या तसा ऐकताय. लोकांनी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, वकिलांनी, ड्रायव्हरांनी लिहिलं की आम्हीही असेच बोलतो आणि आमचं कोणी ऐकून घेत नाही. त्या दोघांनी मिळून केलेला तो सगळ्यात खरा व्हिडिओ होता. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं.

नंतरचे काही आठवडे छोट्या नुसता हवेत होता. अनोळखी माणसं दुकानाशी थांबून त्याच्याशी हात मिळवायची, आणि तो त्यांना अडखळत, हसत, मोटारींबद्दल सांगत बसायचा. रोज सकाळी सात वाजता तो बेसिनवरच्या आरशापुढे उभा राहून सराव करायचा. स्वर लांबवायचे, बोटाने ठेका धरायचा, ओठ सैल सोडायचे. एक दिवस चुकवला नाही. पंचेचाळिसाव्या दिवशी त्याने खरंखुरं सांगितलं की अजून फरक नाही पण आशा आहे, आणि कंपनीला तेही आवडलं. सत्तराव्या दिवसापासून तो कॅलेंडरकडे बघायला लागला. पंच्याऐंशीव्या दिवशी ताईने वरच्या जिन्यातून ऐकलं, तो आरशापुढे एकच शब्द म्हणत होता, "म-म-म", आणि पुढे काही येतच नव्हतं. ती पाय न वाजवता परत खाली गेली.

नव्वदाव्या दिवशी दुपारी दोघं कॅमेऱ्यासमोर बसली. छोट्या तासभर बोलला. तो पूर्वी अडखळायचा तसाच अडखळला, किंवा थोडा जास्तच, कारण आता त्याचं लक्ष होतं.

"मॅडमना सांगूया," ताई म्हणाली. "म्हणावं, नाही झालं."

छोट्याने टेबलावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "न-नेहमीसारखं कर."

"हे नेहमीसारखं नाहीये."

"क-कात्री तीच. अ-आवाज तोच." आणि मग, तिच्याकडे न बघता, "त्या ल-लोकांना काय सांगू? त-त्यांच्यासाठी एक तरी ब-बरा व्हायला नको?"

ताईला तेव्हा 'नाही' म्हणता आलं असतं. तिने स्वतःला समजावलं की सहा वर्षं हेच तर करतोय, तेव्हा ते वाईट नव्हतं, मग आज कसं वाईट होईल. खरं म्हणजे तिला ठाऊक होतं. तेव्हा ती कापायची ते लोकांचं लक्ष पंख्याकडे राहावं म्हणून, आणि आज ती कापणार होती तेच विकायला ठेवलं होतं. तरी ती बसली. तीन दिवस लागले. चेहरा दिसणं भाग होतं, म्हणून कंपनीने पाठवलेला मोठा झुबकेदार माइक त्याच्या ओठांपुढे धरायला लावून तिने पुन्हा चित्रीकरण केलं. डबा तळापर्यंत उपसला. एकुलता एक 'मी' सोळा वेळा वापरला. शेवटी पडद्यावर एक माणूस संथ, खणखणीत आवाजात सांगत होता की मी बोलू शकतो आणि तुम्हीही बोलू शकाल.

व्हिडिओ लागला आणि पहिल्या आठवड्यात ॲप घेणाऱ्यांची रांग लागली. निरोपांवर निरोप येत होते. त्यात एका निरोपाने ताईची झोप उडाली. कोणी शाळामास्तर होते, स्वतः अडखळणारे. त्यांनी लिहिलं होतं, 'अभिनंदन. एक शंका आहे. अकरा मिनिटांत दादांनी एकदाही श्वास घेतलेला नाही.'

ताईने व्हिडिओ लावून ऐकला. मास्तर बरोबर होते. अडखळण्याआधी छोट्या जोरात श्वास ओढायचा, तो हिसका दर वेळी अडखळण्याबरोबर कापला जायचा, आणि सहा वर्षांत तिला त्याची इतकी सवय झाली होती की बिनश्वासाचा माणूस तिच्या कानाला धडधाकट वाटत होता. पंखा दुरुस्त करणाऱ्याच्या श्वासाकडे कोण लक्ष देतो. इथे मात्र लोक फक्त आवाजच ऐकायला आले होते.

तिला वाटलं, बरं झालं, आता सुटलो. तिने स्वतःहून मॅडमना फोन केला. मॅडम जराही गडबडल्या नाहीत. "ताई, एवढंच ना? श्वास घाला. व्हिडिओ बदलून टाकू, आवाजाची सुधारित प्रत म्हणून."

"तो श्वास घेतो तो साधा नसतो, मॅडम. त्याच्या श्वासावरून लगेच कळतं."

"मग दुसऱ्या कोणाचा घाला. श्वासाला कुठे ओळख असते?"

ताईने मागच्या खोलीचा पंखा बंद केला, खिडकी लावली आणि माइकसमोर बसली. तिने वाक्याआधीचा छोटा श्वास घेतला, मग विचार करतानाचा, मग हसण्याआधीचा, मग लांबलचक वाक्य संपल्यावरचा. चाळीसेक श्वास घेतले. ते छोट्याच्या शब्दांमधे बसवले आणि कानाला लावून ऐकलं. छोट्या बोलत होता आणि त्याच्यासाठी श्वास ती घेत होती. तिला स्वतःची किळस आली. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, थोड्या वेळाने परत घातले आणि दोन श्वास जरा हळू केले, कारण ते मोठे वाटत होते.

दुकानात त्याच आठवड्यात तोंडाला कुलूप लागलं. गल्लीने व्हिडिओ पाहिला होता. इस्त्रीवाली बाई पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "बोला की दादा आता सरळ, आमच्याशी कसली लाज?" मागे उभ्या असलेल्या माणसाने मोबाइल वर धरला. छोट्याने तोंड उघडलं, मोबाइलकडे बघितलं आणि मिटलं. ताई आतून धावत आली आणि म्हणाली की त्याच्या आवाजाला विश्रांती सांगितली आहे. तिच्या तोंडून ते इतकं सहज गेलं की दुसऱ्या दिवशी तिने त्याची पाटीच करून लावली. 'आवाजाला विश्रांती. कृपया बिघाड लिहून द्यावा.'

पाटी एका आठवड्यासाठी होती. आठवडा संपला तेव्हा ती काढायची कशी हे दोघांनाही सुचेना. गिऱ्हाइकं चिठ्ठीवर बिघाड लिहायची, छोट्या मान हलवायचा, बोटांनी दिवस सांगायचा. सासवांच्या तब्येती विचारणं बंद झालं. बाहेर भाजी आणायला जाणं त्याने सोडलं, न्हाव्याकडे जाणं सोडलं, कारण न्हावी बोलतोच. फोन आला की तो ताईकडे सरकवायचा. पुढचे व्हिडिओ कसे करायचे हा प्रश्न आला तेव्हा ताईने सगळं बोलणं डब्यातूनच जोडलं. हात छोट्याचे, शब्द जुन्या वर्षांतले. कोणाला कळलं नाही. उलट लोकांनी लिहिलं की दादा आता किती छान बोलतात.

फक्त वर, जेवताना, तो ताईशी बोलायचा. तेही कमी झालं होतं, पण बोलायचा. कधी म्हणायचा, "व-वर्ष काय, ज-जाईल." कधी म्हणायचा, "ताई, ड-डब्यात नवीन शब्द प-पडत नाहीत आता." ताई त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत घास हातात धरून थांबायची. तेवढी एकच जागा त्याला उरली होती, आणि ती जपायची असं तिने मनाशी ठरवलं होतं.

पाचव्या महिन्यात एक मुलगी इस्त्री घेऊन दुकानात आली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. खांद्याला ऑफिसची पिशवी, केस घट्ट बांधलेले. दुसऱ्या गावाहून बस बदलून आली होती, आणि नुसत्या इस्त्रीसाठी एवढ्या लांब कोणी येत नाही हे ताईने ओळखलं. मुलीने पाटी वाचली. चिठ्ठी घेतली नाही.

"म-म-मला इस्त्रीचं काही नाही," ती छोट्याला म्हणाली. "ती च-चालते. म-मला तुम्हालाच भेटायचं होतं, दादा."

छोट्याने हातातली पकड खाली ठेवली.

ती सांगत गेली. तिला वेळ लागत होता, आणि छोट्या एकाही शब्दाला तिच्या पुढे गेला नाही. एका कचेरीत ती कागदपत्रांच्या खोलीत होती. तिथे कोणाशी बोलावं लागत नव्हतं. तिला शाळेत शिकवायचं होतं. नव्वदाव्या दिवसाचा व्हिडिओ बघितला आणि तिने ॲप घेतलं, आणि साठाव्या दिवशी कचेरीची नोकरी सोडली, कारण शाळेतली मुलाखत नव्वदाव्या दिवसानंतर चार दिवसांनी होती. आज चौऱ्याऐंशीवा दिवस होता.

"तुम्हाला क-कितव्या दिवशी जाणवलं?" तिने विचारलं. "म-माझं काहीतरी चुकतंय. म-म-मी कुठे चुकते तेवढं सांगा. लिहून द्या हवं तर."

ताई मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला छोट्याची पाठ दिसत होती. त्याची मान लाल झाली होती, आणि खांदे वर गेले होते, श्वास ओढताना जायचे तसे. आता हा बोलणार, हे तिला त्याच्याही आधी कळलं. तिच्या मनात करार आला, दंड आला, आणि त्याहून मोठ्याने आलं ते हे, की बोलू दे. एकदाचं बोलून टाकू दे याला. तिने दाराची चौकट धरली आणि तोंड बंद ठेवलं.

"म-म-म," छोट्या म्हणाला. "म-म-मुली, म-मी... म-मी प-प-पण..."

पाच महिन्यांत अनोळखी माणसापुढे त्याने तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे ते पूर्वीपेक्षाही वाईट अडलं. डोळे मिटले गेले, हनुवटी पुढे आली. त्याने एक हात वर करून थांबायची खूण केली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. "म-म-मी..."

मुलगी मागे सरकली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि मग कडक झाला. ताईला आधी वाटलं, तिला समजलं. तसं नव्हतं. मुलीने इस्त्री उचलून छातीशी धरली.

"श-शाळेत सगळे असंच करायचे," ती म्हणाली. "म-माझ्यासारखंच बोलून दाखवायचे. क-कचेरीत पण. ते समजू शकते म-मी. तुम्ही तरी न-नक्कल करू नका, दादा. तुम्ही यातून ग-गेलाय ना?"

छोट्याने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. त्याने छातीवर हात ठेवला. बोलायला गेला, आणि पुन्हा तोच 'म' आला. तो जितका जीव तोडून बोलायला जात होता तितकं ते तिच्यासारखंच होत होतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ताईकडे वळली.

"तुम्ही ब-बहीण ना त्यांची? त-तुम्ही सांगा. हे अजून असे ब-बोलतात?"

"नाही हो," ताई म्हणाली. "आता नाही बोलत तो असा."

ती हे ठरवून म्हणाली नाही. लहानपणापासून शाळेच्या दारात, दवाखान्यात, बसमध्ये, बँकेच्या खिडकीशी कोणी छोट्याकडे असं बघितलं की ती पुढे व्हायची आणि काहीतरी बोलून त्याला झाकायची. दमलाय तो. घाबरलाय. एरवी नाही असा बोलत. पस्तीस वर्षं तिने ते केलं होतं, आणि आज प्रश्न पुरता कानात शिरायच्या आत उत्तर तोंडातून बाहेर पडलं होतं. ऐकल्यावर तिला समजलं आपण काय बोललो.

मुलीने मान हलवली. रागावली नाही. इस्त्रीची वायर नीट गुंडाळली, पिशवी खांद्यावर घेतली आणि पायरी उतरून बसथांब्याच्या दिशेने चालायला लागली. ताई दुकानाबाहेर आली. दोन दुकानं पलीकडेच मुलगी दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. 'अहो, तो नक्कल करत नव्हता,' एवढंच म्हणायचं होतं, आणि ताईला ते एका दमात, कुठेही न अडता म्हणता आलं असतं. मग ती विचारेल, म्हणजे व्हिडिओ खोटा का. मग ती ते सगळीकडे लिहील. ताई हा हिशेब करत उभी राहिली तोवर मुलगी कोपऱ्यावरून वळली.

आत छोट्या स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन एका पंख्याचं झाकण काढत होता. झाकणाला चार स्क्रू होते. तिसरा काढून होईपर्यंत ताई त्याच्या शेजारी उभी होती.

"माझ्या तोंडून गेलं रे," ती म्हणाली. "छोट्या, मला म्हणायचं नव्हतं ते."

त्याने मान हलवली, गिऱ्हाइकांना हलवतो तशी.

दीड वाजता दोघं वर जेवायला बसली. ताईने वाढलं. त्याला पाणी हवं होतं हे तिने ओळखलं, आणि तरी ती हातातला घास तसाच धरून थांबली. छोट्याने पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं. ती थांबूनच राहिली. बराच वेळ ते बोट तसंच होतं. मग तिने ग्लास भरून त्याच्यापुढे सरकवला, आणि तो पाणी पिऊन खाली दुकानात गेला.